व्हीएचएफ आणि एचएफ : दोन्ही वायरलेसच, पण मधल्या शंभर किलोमीटरचं काय?

काँगो, दक्षिण सुदान किंवा अफगाणिस्तानातल्या मदतमोहिमेच्या पांढऱ्या लँड क्रूझरचा फोटो नीट पाहा. पुढच्या बंपरवर माणसाहून उंच, जाड काळी काठी उभी असते आणि छपरावर हातभर लांबीची बारीक तार. दोन्ही अँटेनाच. आत डॅशबोर्डपाशी दोन माइक लटकत असतात. ठाण्या-नवी मुंबईतली इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलंमुली अशा मोहिमांच्या टेलिकॉम विभागात जायचं म्हणून माझ्याशी बोलतात, तेव्हा एक समज हमखास कानावर येतो : मोठी काठी म्हणजे जास्त ताकदीचा वायरलेस, छोटी तार म्हणजे कमी ताकदीचा, मग मोठा असताना छोटा कशाला? दुसऱ्या टोकाचा समज असा की मोठा सेट जुनाट आहे, सॅटेलाइट फोनच्या काळात तो काढून टाकावा. हे दोन्ही समज मोहिमेवर जिवावर बेतू शकतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

छोट्या तारेचा सेट व्हीएचएफ, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झमधला. मोठ्या काठीचा एचएफ, ३ ते ३० मेगाहर्ट्झमधला. हे दोघंही तुमच्या घरात येऊन गेलेले आहेत. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तो व्हीएचएफ. आजोबांच्या रेडिओवरचा शॉर्टवेव्हचा पट्टा म्हणजे एचएफ. त्याच पट्ट्यावर कोलंबोहून रेडिओ सिलोन दीड हजार किलोमीटर ओलांडून ठाण्याच्या चाळीत ऐकू यायचा, कधी ठणठणीत तर कधी लाटेसारखा वरखाली होत. उलट मुंबईचं एफएम स्टेशन मुरबाड सोडून माळशेजच्या वाटेला लागलं की खरखरायला लागतं. एफएमचा ट्रान्समीटर काही दुबळा नसतो. फरक ताकदीचा नाही, लहरी कुठून जातात त्याचा आहे.

व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. जिथवर अँटेनाला अँटेना 'दिसते', तिथवर बोलणं. त्याचा ठोकताळा सोपा आहे : अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तिचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. हातात सेट धरून उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर. अशी दोन माणसं सपाट माळावर १० किलोमीटरवरून बोलतील, गावात शिरली की दोन-तीन किलोमीटरही कठीण. ३० मीटरच्या टॉवरवरून क्षितिज साडेबावीस किलोमीटर होतं. माथेरानसारख्या ८०० मीटरच्या डोंगरावरून ते शंभराच्या पलीकडे जातं. याउलट एक जण ऐरोलीत आणि एक दिव्यात असला, तर सरळ रेषेत अंतर आठ किलोमीटरसुद्धा नाही, पण मध्ये पारसिकचा डोंगर आडवा. ५ वॅटचा हँडसेट बदलून २५ वॅटचा गाडीतला सेट लावला तरी डोंगर आडवाच राहतो.

म्हणून व्हीएचएफचं सगळं नियोजन उंचीचं असतं. डोंगरावर रिपीटर बसवायचा. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा सोडतो, की डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं एकमेकांशी बोलू लागतात. पण मग अख्ख्या जिल्ह्याचं बोलणं त्या एका पेटीवर टांगलेलं राहतं. सोलर पॅनेल चोरीला गेलं, बॅटरी बसली, भूकंपात टॉवर वाकला, की सगळे एकदम मुके. त्यामुळे प्रत्येक हँडसेटमध्ये रिपीटरशिवाय थेट बोलण्याचा एक सिम्प्लेक्स चॅनेल हवाच, आणि तो कुठल्या नंबरावर आहे हे ड्रायव्हरला अंधारातही सांगता आलं पाहिजे.

व्हीएचएफचा खरा गुण मात्र अंतराचा नाहीच. तो एकाच वेळी सगळ्यांना ऐकू येतो. फाटकावरचा पहारेकरी, गोदामातला माणूस, पुढच्या वळणावरची गाडी आणि रेडिओ रूम. 'समोर रस्ता अडवलाय, थांबा' हे एकदा म्हटलं की पुरतं. सॅटेलाइट फोनवर हेच सांगायला एकेकाला नंबर लावत बसावं लागेल, तेही उघड्या आकाशाखाली उभं राहून. करंजाच्या मच्छीमार बोटीपासून जेएनपीटीला लागणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजापर्यंत सगळे समुद्रात १६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, कान ठेवून असतात ते याच कारणासाठी. संकटात कोण जवळ आहे हे आपल्याला माहीत नसतं. हाक अशी लागते की जो असेल त्याने ऐकावी.

एचएफचा रस्ता आकाशातून जातो. सूर्याच्या किरणांनी वरच्या हवेतले अणू विद्युतभारित होतात, त्या थराला आयनांबर म्हणतात. कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांच्या अभ्यासाचा पाया आपल्याकडे घातला. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा एफ थर एचएफच्या लहरी वाकवून परत जमिनीवर पाठवतो. मध्ये ना टॉवर लागतो, ना रिपीटर, ना कुठल्या कंपनीचं बिल. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांच्याबरोबरचे काही हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेस चालवणारे लोक, पोर्ट ब्लेअरला आपल्या छंदासाठी गेलेले होते. अंदमानचे फोन बंद पडले आणि त्यांनी एचएफवरून तेराशे-चौदाशे किलोमीटर दूरच्या मुख्य भूमीशी संपर्क जोडून लोकांचे निरोप पोचवले. सेट शंभरेक वॅटचा, अँटेना तारेची.

पण आकाश दिवसभर एकसारखं नसतं. दिवसा खालचा डी थर तयार होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. रात्री वरचा थरही विरळ होतो आणि जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी न वाकता आरपार अवकाशात निघून जातात. म्हणून रेडिओ रूममधला नियम : दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची. अकरा वर्षांच्या सौरचक्राप्रमाणे हे आकडेही सरकतात. पाच वर्षांपूर्वीचा फ्रिक्वेन्सीचा तक्ता भिंतीवर तसाच लावून ठेवलेला दिसला, तर तो आधी उतरवा.

आता शीर्षकातल्या शंभर किलोमीटरकडे येते, कारण मोहिमांत घात होतो तो इथे. समजा तळ ठाण्यात आहे आणि गाडी नाशिकच्या अलीकडे कुठेतरी बंद पडली आहे. व्हीएचएफ कसाऱ्याच्या घाटाआधीच संपला. ड्रायव्हर एचएफचा माइक उचलतो. चॅनेल १४ मेगाहर्ट्झचा, कारण त्याच चॅनेलवर राजधानीतल्या मुख्य कार्यालयाशी सकाळी छान बोलणं झालं होतं. ठाणे काहीच ऐकत नाही. हजार किलोमीटरवरचं मुख्य कार्यालय मात्र स्पष्ट ऐकतं. सेट बिघडलेला नसतो. १४ मेगाहर्ट्झच्या लहरी तिरप्या गेल्या तरच परत येतात आणि परततात ते कित्येकशे किलोमीटर पलीकडे. जमिनीलगत जाणारा भाग थोड्या अंतरातच विरतो. या दोहोंच्या मध्ये एक मुकं कडं उरतं, त्याला स्किप झोन म्हणतात. आणि मोहिमेच्या गाड्या तर बहुतेक याच अंतरात फिरतात : जिल्ह्याच्या ठिकाणाहून छावणीपर्यंत, छावणीतून पुढच्या गावापर्यंत.

याच्यावर उपाय आहे आणि त्याला नवा सेट लागत नाही. फ्रिक्वेन्सी उतरवायची : दिवसा साधारण ५ ते ८ मेगाहर्ट्झ, रात्री अडीच ते चार. आणि लहर सरळ वर पाठवायची, म्हणजे ती कारंज्याच्या पाण्यासारखी वर जाऊन आजूबाजूलाच पडेल. उभी काठी नेमकं हेच करत नाही, ती चहूबाजूंना आडवी फेकते आणि डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. म्हणून गाडी थांबवून काठी मागे वाकवून दोरीने बांधतात, किंवा दोन झाडांच्या मध्ये तीन-चार मीटर उंचीवर आडवी तार ताणतात. अँटेना उंच असेल तितकी चांगली, हा व्हीएचएफवर शिकलेला धडा इथे उलटा पडतो. व्हीएचएफवर तयार झालेला हुशार तंत्रज्ञसुद्धा एचएफची तार टॉवरच्या टोकाला नेऊन बांधतो आणि मग जवळची छावणी का लागत नाही म्हणून सेट उघडून बसतो, ते यामुळेच. एक काळजी घ्या : एचएफ सेट बोलताना वीसेक अँपिअरपर्यंत करंट ओढतो, त्यामुळे इंजिन चालू ठेवूनच बोला.

एचएफवरचा आवाज सुरुवातीला नाकातून बोलल्यासारखा, खरखरीत वाटतो. नवखा माणूस त्याला घाबरून फोनकडे वळतो. म्हणून रोज ठरल्या वेळी प्रत्येक गाडीची आणि प्रत्येक तळाची रेडिओ चेक दोन्ही सेटवर झाली पाहिजे. फक्त व्हीएचएफवर हजेरी घेऊन एचएफ सोडून देणारी रेडिओ रूम मला धोकादायक वाटते, मग तिच्याकडे कितीही नवी उपकरणं असोत. कोडान आणि बॅरेट या ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे सेट मोहिमांत सर्रास दिसतात. त्यांत गाडीचा नंबर दाबून बेल वाजवण्याची सोय असते, ती वापरायला शिकवली तर ड्रायव्हरची भीती लवकर मोडते.

परवान्याच्या बाबतीत दोन्ही सारखे. ज्या देशात जाल तिथल्या सरकारकडून फ्रिक्वेन्सी मागून घ्यावी लागते, सेट कस्टममधून सोडवावे लागतात. आपत्तीच्या काळात हे अडथळे कमी व्हावेत म्हणून १९९८मध्ये टँपेरे करार झाला आणि ८ जानेवारी २००५ला तो अमलात आला. अनेक संस्था एकाच ठिकाणी काम करतात तेव्हा रेडिओ आणि इंटरनेटची सामायिक व्यवस्था लावणाऱ्या आपत्कालीन दूरसंचार गटाचं नेतृत्व जागतिक अन्न कार्यक्रमाकडे आहे. तुम्ही कुठल्याही संस्थेतून गेलात तरी पोचल्यावर आधी या गटाचा फ्रिक्वेन्सी तक्ता मागून घ्या.

इथेच राहून सराव करायचा असेल तर हॅमचा परवाना काढा. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाची अट १२ वर्षांची. त्यात १४४ मेगाहर्ट्झचा दोन मीटर बँड व्हीएचएफ शिकवतो आणि ७ मेगाहर्ट्झचा चाळीस मीटर बँड एचएफ. परवाना हातात येईपर्यंत एसएसबी (एचएफवर हॅम ज्या पद्धतीने बोलतात ती) ऐकू येणारा साधा शॉर्टवेव्ह रिसीव्हर घ्या, खिडकीबाहेर लांब तार सोडा आणि ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये दुपारी कोण कोण लागतं ते वहीत मांडा. पुणे, नाशिक, साताऱ्याचे हॅम सापडतील. तीच फ्रिक्वेन्सी रात्री जेवणानंतर लावा. अनेकदा पुणे-नाशिक गेलेले असतात आणि भलतीच दूरची स्टेशनं बसलेली असतात. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झवर या आणि पुणे परत येतं का बघा.