उजवीकडे दुखतंय: अपेंडिक्स की मुतखडा?

उजवीकडे खाली कळ आली की आपल्याकडे घरातच निदान होतं, खडा असेल, पाणी पी भरपूर. माझ्या मावसभावाला असंच रात्रभर कुळथाचं कढण पाजलं आणि सकाळी सोनोग्राफीत निघालं अपेंडिक्स, फुटायच्या बेतात. मावशी अजून म्हणते कढणाने काय बिघडलं. कढणाने नाही गं, रात्र गेली त्याने.

आधी पेशंट कसा पडलाय ते बघा. खड्याची कळ लाटेसारखी येते आणि माणूस एका जागी टिकत नाही, उठतो, फेऱ्या मारतो, गडाबडा लोळतो. अपेंडिक्सवाला उलट पाय पोटाशी घेऊन गप पडून राहतो, हललं की दुखतं म्हणून. रिक्षा स्पीडब्रेकरवर आदळली की याचा जीव जातो (डॉक्टर हे मुद्दाम विचारतात, हसू नका). दुखणं सुरूही वेगळीकडून होतं: अपेंडिक्सचं बहुतेक वेळा बेंबीभोवती, गॅससारखं, मग काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, जेवण नको होतं, बारीक ताप येतो. खड्याचं पाठीतून कमरेतून निघून जांघेपर्यंत उतरतं, लघवीला जळजळ, कधी लाल. उलटी दोन्हीत होते, त्यावरून काही ठरवू नका.

लघवीच्या रिपोर्टवर पण पूर्ण भरवसा नको, कारण अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकून सुजलं असेल तर त्यातही थोड्या रक्तपेशी दिसतात. सोनोग्राफीत नीट कळलं नाही तर सीटी करतात. बायकांमध्ये अंडाशयाचं दुखणं आणि गर्भनलिकेतली प्रेग्नन्सी पण बघावी लागते. तोवर जुलाबाचं औषध, एरंडेल वगैरे अजिबात नको.

उपचारात खरा गोंधळ 'दुर्बीण' या शब्दाचा. 5 मिमीपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, मोठा अडकला तर दुर्बीण लघवीच्या मार्गातून घालून लेझरने फोडतात, पोटावर टाका नाही. अपेंडिक्सची दुर्बीण म्हणजे पोटाला साधारण तीन छोटी भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून काम, आणि अपेंडिक्स कापून बाहेर. म्हणजे हे पूर्ण भूल देऊन केलेलं ऑपरेशनच आहे, 'नुसती दुर्बीण घालणार' म्हणून घरच्यांना सांगू नका. फुटून खूप पू झाला असेल तर उघडं ऑपरेशन लागू शकतं, आणि पू एका जागी साचलेला असेल तर आधी नळी घालून तो काढतात.

नुसत्या अँटिबायोटिकवर भागवता येतं का? न फुटलेल्या साध्या केसमध्ये हो, पण 2020 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा दहातल्या साधारण तिघांचं 90 दिवसांत ऑपरेशन झालंच. अपेंडिक्समध्ये कडक विष्ठेचा खडा अडकलेला असेल तर ती शक्यता अजून जास्त. आता यालाही खडाच म्हणतात, त्यामुळे रिपोर्टात 'खडा' दिसला की कुठला ते आधी विचारा, याच्यावर पाणी पिऊन काही होत नाही.