साल तीच, वायू निराळा

"ओला कचरा कुठंही टाका, कुजून त्याची मातीच होणार." हे वाक्य चांगले शिकलेले लोकही बोलतात. पण कुजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. केळ्याच्या सालीच्या वाट्याला कोणती येणार, हे जागतिक हवामान परिषदेत नाही, महापालिकेत ठरतं.

हवेशीर खतखड्ड्यात जिवाणू ऑक्सिजन वापरून सालीचा कार्बन डायऑक्साइड करतात. झाडानं तो हवेतूनच घेतलेला, हिशेब फिटला. तीच साल कचरा डेपोच्या ढिगाखाली गाडली गेली की ऑक्सिजन लवकरच संपतो. मग पाळ्या लागतात: काही जिवाणू सेल्युलोजची साखर करतात, काही साखरेची आम्लं, आणि शेवटी येतात मिथेनजनक आर्किया. हे जिवाणू नव्हेत, वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. ऑक्सिजन म्हणजे त्यांना विष. ॲसेटिक आम्लाचा रेणू ते मधोमध तोडतात: एका तुकड्याचा मिथेन, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड.

आता आकडेमोड. १८० ग्रॅम ग्लुकोज हवेत पूर्ण कुजलं तर २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हवेविना कुजलं तर १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४८ ग्रॅम मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या वजनास वजन सुमारे २८ पट तापवतो, म्हणजे हे ४८ ग्रॅम झाले १,३४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके! वीस वर्षांचा हिशेब धरला तर ही पट ८० च्या आसपास जाते.

डेपोवर सुगंधी द्रावण फवारून 'प्रदूषण संपलं' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की मिथेनला वासच नसतो. घाण येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंची.

नळ्या पुरून मिथेन शोषता येतो, त्यावर वीजही होते. पण नळ्या येईपर्यंत ओला कचरा बराचसा कुजून गेलेला असतो. म्हणून वर्गीकरण आधी. सॅन फ्रान्सिस्कोनं ते २००९ मध्ये सक्तीचं केलं; कॅलिफोर्निया राज्यानं २०१६ च्या कायद्यात डेपोत जाणारा जैविक कचरा २०२५ पर्यंत २०१४ च्या तुलनेत ७५ टक्क्यांनी घटवायचं लक्ष्य ठेवलं. मात्र कचरागाडीला एकच कप्पा असेल, तर घरातले दोन डबे गाडीत एक होतात.

बंद झालेला डेपोही पुढं कित्येक वर्षं मिथेन सोडत राहतो. त्यावर कंपोस्टचा जाड थर पसरला, तर त्यातले मिथेनभक्षी जिवाणू वर येणारा बराचसा वायू वाटेतच खातात. त्यांना मात्र ऑक्सिजन लागतो, म्हणून तो थर दाबून घट्ट करायचा नसतो.