लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची बौद्धिक कार्यक्षमता व कामावर परतणे

अतिलठ्ठपणा कमी करण्यासाठी जठर व लहान आतडे यांवर शस्त्रक्रिया (बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया) केल्यानंतर रुग्णाचे अवधान, स्मरण व नियोजनक्षमता यांत होणारे बदल आणि नोकरी-व्यवसायात पुन्हा रुजू होताना त्यांचा पडणारा प्रभाव. पोटावरची जखम भरणे व डोके पूर्ववत चालू लागणे या गोष्टी एकाच वेळी घडतातच असे नाही. रजेचा कालावधी ठरवताना मात्र बहुधा जखमच पाहिली जाते.

या शस्त्रक्रियांचा आरंभ कोणी केला याविषयी एकमत नाही. स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ मध्ये लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा भाग कापून काढल्याची नोंद केली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड व्हार्को यांनी १९५३ च्या सुमारास आतड्याचा बायपास (आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे जाईल अशी जोडणी) केल्याचे सांगितले जाते. पण त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. त्याच विद्यापीठातील क्रेमेन व लिनर यांचा लेख १९५४ चा असून, बायपासपुरते बोलायचे तर हेच वर्ष धरणे अधिक सुरक्षित वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या जुन्या शस्त्रक्रियेचे महत्त्व वेगळेच आहे. ती झालेल्या काही रुग्णांना अधूनमधून भ्रम होई, जीभ अडखळे, मद्याचा थेंबही न घेता झोकांड्या जात. न पचलेली पिष्टमय द्रव्ये मोठ्या आतड्यात पोचून तेथील जीवाणू त्यांपासून डी-लॅक्टिक आम्ल बनवतात व ते शरीराला लवकर निकालात काढता येत नाही, हे त्यामागचे एक कारण पुढे उमगले. म्हणजे मेंदूवरील परिणामांची पहिली ओळख झाली ती तल्लखतेतून नव्हे, तर मांद्यातून. यकृताच्या बिघाडामुळेही ही पद्धत मागे पडली. एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी आयोवा विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू केलेला जठराचा बायपास आणि जठराचा बराचसा भाग काढून त्याची अरुंद नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया या आज रूढ आहेत.

बुद्धीवरील अनुकूल परिणामांचा पद्धतशीर अभ्यास २०१० नंतरचा. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन गन्स्टाड व सहकारी यांनी २०११ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १०९ व न झालेल्या ४१ लठ्ठ व्यक्तींची तुलना केली. बारा आठवड्यांतच पहिल्या गटाची स्मरणशक्ती सुधारल्याचे आढळले, आणि लहान गटांवरील पुढच्या पाहणीत काही सुधारणा तीन वर्षांपर्यंत टिकल्याचे दिसले. नेदरलँड्समधील बॅरिको अभ्यासात (२०२४) बायपास झालेल्या १३३ जणांना दोन वर्षे तपासले गेले. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांची एकूण बौद्धिक कामगिरी किमान २० टक्क्यांनी वाढली होती. तीच चाचणी पुन्हा दिल्याने गुण वाढतात, ही शंका अशा अभ्यासांवर घेतली जाते व ती रास्त आहे. कारणमीमांसेत कमी झालेला दाह, सुधारलेली इन्शुलीन-संवेदनशीलता (इन्शुलीनला शरीराने दिलेला प्रतिसाद), लेप्टीन व घ्रेलीन या भुकेशी संबंधित संप्रेरकांतील बदल आणि झोपेतील श्वासरोध घटल्यामुळे मिळणारी सलग झोप यांचा उल्लेख होतो. एकट्या वजनघटीवर सारे श्रेय देणारे मत आता मागे पडत आहे. बारा आठवड्यांत, म्हणजे वजन अजून उतरत असतानाच, दिसलेली सुधारणा त्याच्याशी नीट जुळत नाही.

उलट बाजूचा सर्वांत गंभीर धोका ब१ जीवनसत्त्वाच्या (थायामीन) अभावाचा. शरीरातील त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर आहार तुटपुंजा, त्यात वारंवार उलट्या झाल्या, तर पहिल्या एक ते तीन महिन्यांत भ्रम, डोळ्यांच्या हालचालींतील दोष व तोल जाणे ही लक्षणे उद्भवू शकतात. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या विकाराचे वर्णन केले, त्यातील तिघांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी शिवणकाम करणारी तरुणी. गंधकाम्ल प्यायल्यामुळे तिच्या जठराची वाट आकसली होती व तिला सतत ओकाऱ्या होत. मद्याखेरीज, केवळ उलट्यांमुळेही हा विकार जडतो, हे त्या पहिल्याच वर्णनात होते. तरीही हा ‘दारुड्यांचा आजार’ म्हणून मनात बसल्याने निदान लांबते. संशय येताच शिरेतून थायामीन द्यावे लागते, आणि तेही ग्लुकोजच्या आधी. उशीर झाल्यास स्मृतिदोष कायमचा राहू शकतो. थांबत नसलेल्या उलट्या ‘ऑपरेशननंतर असे व्हायचेच’ म्हणून अंगावर काढणे म्हणूनच घातक होय.

ब१२ चा अभाव सावकाश येतो, कारण यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी ही त्याची चिन्हे. महाराष्ट्रात याला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांच्या पाहणीत जिल्ह्यातील खेड्यांमधील निम्म्याहून अधिक गर्भवतींत ब१२ कमी आढळले होते. शाकाहारी रुग्ण शस्त्रक्रियेलाच अपुऱ्या साठ्यानिशी येण्याचा संभव असतो.

बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनी काहींची रक्तशर्करा गोड वा पिठूळ जेवणानंतर एक ते तीन तासांत एकदम उतरते. घाम, थरथर, शब्द न सुचणे, क्वचित शुद्ध हरपणे असे तिचे स्वरूप असते. वाहनचालक व यंत्रावर काम करणाऱ्यांनी हे वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगणे आवश्यक आहे.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यास बैठे काम साधारण एक ते दोन आठवड्यांनी, तर ओझी उचलण्याचे काम चार ते सहा आठवड्यांनी सुरू करता येते. पहिल्या आठवड्यांत डोके जड राहण्याचे साधे कारण अनेकदा पाणी कमी पडणे हे असते. घटाघटा पिता येत नाही, जेवणाबरोबर प्यायचे नसते, तेव्हा दिवसभर टेबलावर बाटली ठेवून घोट-घोट घ्यावे लागते. डाळीच्या पाण्यावरून मऊ भातावर येईपर्यंत डबाही वेगळा आणि जेवायला वेळही जास्त. अर्ध्या तासाची सुटी त्यासाठी अपुरी पडते.

दीर्घकालीन माहिती मुख्यत्वे लार्स शेस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून मिळते. शस्त्रक्रिया झालेल्यांची आजारपणाची रजा पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया न झालेल्या तुलना-गटापेक्षा जास्त होती; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती कमी झाली. अपंगत्व निवृत्तिवेतन घ्यावे लागण्याचे प्रमाण पुरुषांत घटले, स्त्रियांत मात्र स्पष्ट फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या बरीच मोठी असल्यामुळे हा निष्कर्ष आजवर मिळाले त्याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे.