अश्रूंवर हुकूम चालत नाही

नटाच्या गालावरून ओघळणारा अश्रू पडद्यावर भलामोठा दिसतो, पण मोजायला गेलं तर ऐवज अगदी किरकोळ आहे. आपल्या डोळ्यावर एरवी साधारण ७ मायक्रोलिटर पाणी पसरलेलं असतं. (एका मिलिलिटरचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रोलिटर.) पापण्यांच्या आत फार तर २५ ते ३० मायक्रोलिटर मावतं, त्यापुढे सांडतं. म्हणजे नटाला हवं असतं ते वीस-पंचवीस मायक्रोलिटर जादा पाणी. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाच्या जेमतेम निम्मं. पण तेवढंही मागून मिळत नाही.

हात वर करायचं ठरवलं की हात वर होतो, कारण ठरवणाऱ्या मेंदूपासून दंडाच्या स्नायूंपर्यंत मज्जातंतूंची सलग वाट आहे. अश्रुग्रंथीपर्यंत अशी वाट नाही. डोळ्याच्या खोबणीत, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात बसलेली ही बदामाच्या आकाराची ग्रंथी स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असते. लाळ, घाम, जठररस यांचा कारभार पाहणारी तीच यंत्रणा. अश्रूंचं केंद्र मेंदूच्या देठात असतं आणि त्याच्याकडे निरोप येतात ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक डोळ्याच्या पृष्ठभागाकडून, काही खुपलं किंवा झोंबलं तर. दुसरा मेंदूतल्या भावना हाताळणाऱ्या भागांकडून. ‘मी आता रडतो’ असं नुसतं ठरवून त्या केंद्राला काही कळत नाही. नटाची सगळी कारागिरी या दोन दारांपैकी एखादं किलकिलं करण्यात आहे.

डोळ्याचं दार सोपं. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी डोळ्यावर पाण्याचा ताजा थर ओढला जातो. नटानं नजर रोखून पापणी लववलीच नाही तर तो थर सुकत जातो आणि डोळ्याचा पृष्ठभाग किंचित गार होतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात. ते केंद्राला कळवतात आणि पाणी येतं.

आता गंमत पाहा. चित्रीकरणात डोळ्यांखाली लावायची मेंथॉलची कांडी असते, तीही याच तंतूंना फसवते. गारवा ओळखणारं जे प्रथिन त्या तंतूंवर असतं, तेच मेंथॉलनंही जागं होतं. म्हणून पुदिना ‘थंड’ लागतो. हे प्रथिन २००२ मध्ये सापडलं. ते शोधण्यात हात असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच यंत्रणांच्या शोधासाठी. नजर रोखणं आणि मेंथॉलची कांडी या वरवर दोन वेगळ्या क्लृप्त्या, पण दोन्ही कळ एकच दाबतात.

ग्लिसरीनचं काम निराळं. डोळ्यात गेलं तर ते झोंबतं आणि पाणी खेचतं. पण गालावर नुसता थेंब ठेवला तरी भागतं, कारण ते दाट असतं, ओलावा धरून ठेवतं आणि प्रखर दिव्यांखालीही पटकन सुकत नाही. (डोळ्यात काहीबाही घालण्याचा हा उद्योग घरी मात्र करू नये.)

या दाराची अडचण अशी की त्यातून फक्त पाणी येतं. श्वास शांत राहतो, आवाज कापत नाही, कपाळ ढिम्म हलत नाही. भुवयांची आतली टोकं वर उचलणाऱ्या स्नायूंबद्दल चार्ल्स डार्विननं १८७२ मध्येच लिहून ठेवलंय की सरावाशिवाय फार थोड्या लोकांना ते मुद्दाम हलवता येतात. कॅमेरा जवळ आला की नेमकं तिथेच पितळ उघडं पडतं.

म्हणून दुसरं दार, मनाचं. त्याची सर्वांत अंगावर येणारी गोष्ट प्राचीन ग्रीसमधली आहे. पोलस नावाचा नट सोफोक्लीझच्या नाटकात इलेक्ट्राची भूमिका करत होता. भावाच्या अस्थी समजून ती एका कलशाला कवटाळून विलाप करते. पोलसचा स्वतःचा मुलगा नुकताच गेला होता. तो त्याच्याच अस्थींचा कलश घेऊन रंगमंचावर आला, असं रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो. विसाव्या शतकात रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीनं ‘भावस्मृती’ची जी तालीम मांडली, तिचं बीज हेच: स्वतःच्या दुःखाचा एखादा बारीक तपशील, एखादा वास, दाराचा आवाज आठवायचा आणि बाकीचं शरीरावर सोडायचं. आठवण भावनेच्या केंद्रांना हलवते, ती अश्रुकेंद्राला. पण एकच आठवण पंधरा टेक उगाळली की बोथट होते, आणि ताजं दुःख वापरलं तर नट भूमिकेतून बाहेर फेकला जातो. मला विचाराल तर पोलसनं जे केलं तो अभिनय की निव्वळ शोक, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

नाट्यशास्त्रात अश्रूंची गणना आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातल्या भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणांत होते. घाम, रोमांच, कंप, स्वरभेद यांच्या शेजारी. ही यादी शरीरशास्त्राच्या नजरेनं वाचली तर चमकायला होतं: तिच्यातल्या बहुतेक गोष्टी इच्छेच्या ताब्यात नसलेल्या आहेत. भरतमुनी म्हणतात, सत्त्व मनातून उपजतं आणि त्याला मनाची एकाग्रता लागते. चित्त दुसरीकडे असलेल्या नटाला ते साधत नाही. अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याचं मत बरोबर उलट होतं. १८३० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या निबंधात तो म्हणतो की थोर नट काहीच अनुभवत नाही. हळव्या माणसाचे अश्रू हृदयातून वर चढतात, नटाचे मेंदूतून खाली उतरतात. बिचारा दिदरो! अश्रू हळव्याचे असोत की नटाचे, हुकूम मेंदूतूनच उतरतो.

या भांडणात १९८३ मध्ये एक प्रयोग मजेशीर भर घालून गेला. पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हेन्सन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १२ व्यावसायिक नट आणि चेहऱ्याचा अभ्यास करणारे ४ शास्त्रज्ञ घेतले. त्यांना ‘दुःखी व्हा’ असं म्हटलंच नाही. हा स्नायू उचला, तो खाली ओढा, एवढ्याच सूचना दिल्या. तरी हृदयाचे ठोके आणि बोटांचं तापमान बदललं, आणि निरनिराळ्या भावनांच्या चेहऱ्यांना निरनिराळं बदललं. म्हणजे भावनेकडून शरीराकडे जाणाऱ्या रस्त्यावर उलटही चालता येतं. चिलीच्या संशोधक सुझाना ब्लॉख यांनी अशाच उलट वाटेनं नटांसाठी पद्धत बांधली, ती श्वासाची: हुंदक्यासारखा तुकड्यातुकड्यांनी आत घेतलेला श्वास, सैल सुटलेला उच्छ्वास, ढिली पडलेली मान. आठवण लागत नाही, त्यामुळे झिजतही नाही.

आणि हे सगळं करायचं ते अश्रू दाखवायला नाही, लपवायला, असं अभिनयाचे शिक्षक सांगतात. खऱ्या आयुष्यात माणूस रडायला बघत नाही, रडू आवरायला बघतो. आवंढा गिळतो, वर छताकडे पाहतो, ओठ दाबतो. प्रेक्षक त्या झटापटीत गुंततो. पण शेवटी थेंबालाही पर्याय नाहीच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रडणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून फक्त अश्रू पुसून टाकले. बघणाऱ्यांना तेच चेहरे कमी दुःखी वाटले. काही तर विस्मित किंवा विचारमग्न भासले.

‘कट’ म्हटल्यावर दिवे विझतात, पण भरून आलेला ऊर लगेच ओसरत नाही. काही नट कोपऱ्यात जाऊन बराच वेळ हमसत राहतात. ब्लॉख यांच्या पद्धतीत म्हणून बाहेर पडण्याचाही धडा असतो. सावकाश, एकसारखे तीन-चार खोल श्वास, चेहरा पूर्ण सैल, मग उभं राहण्याची ढब बदलायची. तोवर रंगभूषाकार पावडरचा पफ घेऊन उभा असतो, पुढच्या टेकसाठी गाल पुन्हा कोरडे करायला.