शंकरपटावरची पैज: पार्श्वभूमी

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हे नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. धान घरात आले की मौदा, कुही, रामटेकपासून थेट भंडाऱ्यापर्यंत पटांचा हंगाम सुरू होतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पटावरून पुष्कळ कोर्टकज्जे झाले, पण ते सगळे बैलावरून. दाणीच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला उभ्या माणसांत जो पैसा फिरतो, त्याचा कायदा वेगळा आहे, त्याचा इतिहासही वेगळा आहे आणि त्यावर कोणी धड बोलत नाही.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत पैजेचा विडा उचलणारा स्वतः कामाला लागतो. क्विंटलभराचे पोते एका दमात माडीवर नेणे किंवा नागपूरहून निघून दिवस मावळायच्या आत पायी रामटेक गाठणे, ही गावातली जुनी पैज. यात घाम आणि पैसा एकाच माणसाचा. पटाच्या कडेला लागते तीही पैजच म्हणवली जाते, पण तिथे धावतात बैल, हाकतो धुरकरी आणि पैसा तिसऱ्याचाच असतो. पहिलीला मान आहे, दुसरीला पोलीस जुगार म्हणतात, आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो.

इंग्रजांनी 1867 मध्ये जुगाराचा कायदा केला, तो मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरलाही लागू होता. त्याचा रोख जुगाराच्या अड्ड्यांवर, पत्त्यांवर आणि फाशांवर होता. रस्त्यावर पक्षी किंवा जनावरे झुंजवणे हा त्यात गुन्हा होता. शर्यतीचे नाव नव्हते. मोकळ्या शेतातला पट त्या चौकटीत सहज बसत नव्हता. मुंबई इलाख्याचा 1887 चा कायदा जास्त कडक. कापसाच्या भावावर, अफूच्या भावावर, इतकेच काय पाऊस पडेल की नाही यावर लावलेला पैसाही त्यात आला. पैज म्हणजे जुगारच, असे तो सरळ म्हणतो आणि सूट देतो ती घोड्याच्या शर्यतीला: शर्यतीच्याच दिवशी, परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारात. विदर्भ पुढे मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेला, आणि आज नागपुरात हाच कायदा चालतो.

घोड्याला मिळालेली सवलत जुनी आहे. 1872 च्या करार कायद्यात पैजेचा करार रद्दबातल धरला आहे, म्हणजे हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊन मागता येत नाहीत. त्याला एकच अपवाद आहे: घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी जमा केलेली वर्गणी. बैलजोडीचा त्यात उल्लेख नाही. कुस्तीचा प्रश्न 1931 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पुण्यात दोन पैलवानांचा करार झाला होता: जो येणार नाही त्याने 500 रुपये भरायचे, जिंकेल त्याला तिकिटांच्या पैशातून 1,125. एक आलाच नाही. न्यायालयाने ही पैज नाही असे ठरवले, कारण बक्षीस प्रेक्षकांच्या पैशातून होते, हरणाऱ्याच्या खिशातून नव्हते.

आता मुख्य गाठ. जुगाराच्या दोन्ही कायद्यांत एक कलम आहे: ‘केवळ कौशल्याच्या’ खेळाला हा कायदा लागू नाही. ‘केवळ’ म्हणजे किती? 1968 मध्ये रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘केवळ’चा अर्थ ‘प्रामुख्याने’ असा लावला. 1996 मध्ये मद्रासच्या घोडदौडीच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेले: घोड्याची वंशावळ, तयारी, जॉकीचा हात, मैदानाची स्थिती हे सगळे अभ्यासून पैसे लावणे हा नशिबाचा खेळ नाही. म्हणजे कौशल्य फक्त धावणाऱ्याचे नाही, पैसे लावणाऱ्याचेही मानले गेले.

हा निकाल पटाच्या कडेला उभे राहून वाचावा. जोडी दाणीवर येण्याआधी जाणती माणसे तिच्याभोवती फिरतात. खूर पाहतात, कोणता बैल आत ओढतो आणि कोणता बाहेर, याचा अंदाज घेतात, मागच्या पटात किती सेकंदात सुटली ते विचारतात. “थंड्या मातीत हे जोडी नाही धावत, बाप्पा,” असे एखादा म्हातारा सांगतो आणि बहुधा त्याचे खरे ठरते. रेसकोर्सवर छापील पुस्तिका वाचणाऱ्याचे ते कौशल्य आणि या म्हाताऱ्याचा तो जुगार, हा फरक मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही. कायद्याचे उत्तर एवढेच की घोड्याला परवाना आहे.

पटाला मात्र परवान्यासाठीच झगडावे लागले. जुलै 2011 मध्ये केंद्राने खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी पट उघडला 16 डिसेंबर 2021 ला, आणि पाच न्यायमूर्तींचा अंतिम निकाल आला 18 मे 2023 ला. या सगळ्या काळात वाद छळाचा होता आणि तो व्हायलाच हवा होता. पराणी टोचणे आणि शेपटी पिरगाळणे बंद झाले तर कोणाचे नुकसान नाही. पण परवानगीच्या वाटेवर पैशाचा प्रश्न तसाच राहून गेला.

त्याच्या आधीच नागपूरच्या सट्ट्याचा पैसा क्रिकेटकडे वळला होता. 19 मार्च 2000 चा इथला सामना त्यासाठीच लक्षात राहिला. 20 पेक्षा कमी धावा करण्यासाठी 15,000 डॉलर घ्यायला कबूल झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सलामीवीराने प्रत्यक्षात 74 काढल्या. लगवाडी (पैसा लावणे) आणि खायवाडी (लावलेला पैसा घेणे) हे शब्द पुढे इथल्या बातम्यांत रुळले.

मग हा पैसा फोनवर आला. 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन पैशाचे खेळ आणि घोडदौड यांना एकच 28 टक्के जीएसटी लागला; कौशल्य की नशीब, हा प्रश्न करापुरता उरला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्याचा बचावच काढून टाकला. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. जमिनीवरचा जुगार मात्र राज्याचाच विषय राहिला. पट आता यूट्यूबवर थेट दिसतो. त्याच जोडीवर फोनवरून पैसा घेणारा 2025 च्या कायद्यात सापडतो. दाणीच्या कडेला, दुपट्ट्याखाली नोट सरकवणारा 1887 च्या.