पार्श्वभूमी : हरलेल्या प्रचाराची उधारी

अमेरिकेतल्या निवडणूक उधारीचे दुखणे समजून घ्यायचे तर १९६८ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतल्या रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री हे निक्सन यांच्याकडून हरले. दोघांच्याही प्रचाराची देणी डेमोक्रॅटिक पक्षाने अंगावर घेतली. बोजा ९० लाख डॉलरच्या पुढे गेला. पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनातल्या दूरध्वनी सेवेचे १५ लाख डॉलर एटी अँड टी कंपनीला येणे होते, पण ती वसुलीचे नाव काढत नव्हती. अखेर तिच्याच काही भागधारकांनी कोर्ट गाठले. कंपन्यांच्या निवडणूक देणग्यांवर १९०७ पासून बंदी आहे. मग बिल मुद्दाम न मागणे ही मागच्या दाराने दिलेली देणगीच नव्हे का, हा त्यांचा सवाल. १९७४ मध्ये अपील कोर्टाने तो दावा चालवण्याजोगा ठरवला.

१९७५ मध्ये कामाला लागलेल्या संघीय निवडणूक आयोगाच्या नियमांत हाच संशय मुरला आहे. देणी मिटेपर्यंत प्रचार समिती गुंडाळता येत नाही. येणेकऱ्याला परस्पर ‘जाऊ द्या’ म्हणायची सोय नाही. कमी रकमेत तडजोड करायची तर आयोगापुढे आराखडा ठेवावा लागतो, वसुलीचे प्रयत्न दाखवावे लागतात. त्यात मागच्या देण्यासाठी दिलेली देणगी प्रत्येक देणगीदाराला असलेल्या मागच्याच निवडणुकीच्या कमाल मर्यादेत धरतात. म्हणजे ज्या निष्ठावंतांनी तेव्हाच कमाल रक्कम दिली, त्यांच्यापुढे पुन्हा हात पसरता येत नाही. आणि तेव्हा ज्यांनी दिले नाही, ते हरल्यावर कशाला देतील?

जॉन ग्लेन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या १९८४ च्या फसलेल्या प्रयत्नाने सुमारे ३० लाख डॉलरचे देणे मागे ठेवले. हे अंतराळवीर ७७ व्या वर्षी पुन्हा अंतराळात जाऊन आले, सिनेटमधून निवृत्त झाले, तरी खाते उघडेच. शेवटी २००६ मध्ये आयोगाने ते मिटवू दिले.

वजनदारांचे निभावते. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन दोन कोटींहून अधिक देणे घेऊन शर्यतीबाहेर पडल्या. ओबामा दाम्पत्याने प्रत्येकी २,३०० डॉलर ही कमाल देणगी देऊ केली. येणेकऱ्यांची देणी २०१३ उजाडेपर्यंत फिटली. क्लिंटन यांनी स्वतः घातलेल्या १ कोटी ३२ लाखांवर मात्र पाणी सोडावे लागले, कारण २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या कर्जापैकी मतदानानंतरच्या देणग्यांतून अडीच लाखांहून जास्त परत घेता येत नसे.

ही अट सिनेटर टेड क्रूझ यांनी मोडून काढली. २०१८ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रचाराला २ लाख ६० हजार उसने दिले, अडकलेल्या १० हजारांवरून दावा लावला, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मर्यादा रद्द केली. ते तर जिंकलेले उमेदवार!

छपाईवाल्यासारख्या पुरवठादाराच्या पदरात यातून काही पडले नाही. समितीकडे पैसा नसेल तर उमेदवाराच्या घरादाराला सहसा हात लावता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या न्यूट गिंग्रिच यांच्या २०१२ च्या प्रचाराने ४० लाखांहून अधिक थकवले आणि ती थकबाकी पुढे वर्षानुवर्षे हिशेबात झळकत राहिली. टीव्ही वाहिन्या जाहिरातींचे पैसे आधीच वाजवून घेतात. तेवढा हट्ट धरायची ताकद छोट्या पुरवठादारात नसते.