परदेशी स्पोर्ट्‌स कारची वैयक्तिक आयात (भारत)

परदेशातली स्पोर्ट्‌स कार विक्रेत्यामार्फत न घेता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या वापरासाठी भारतात आणणे. यात आयातीची मुभा, सीमाशुल्क आणि आरटीओ पासिंग ही तीन वेगळी प्रकरणे असतात. पहिले सुटले की दुसरे माफ होते, हा यातला सर्वांत महाग गैरसमज.

नव्या गाडीला एरवी टाइप अप्रूव्हल, म्हणजे ते मॉडेल भारतीय नियमांत बसते असा दाखला, लागते. किमान दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणारे (बोलीभाषेत ‘टीआर’वाले, म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सवाले), परदेशातल्या नातेवाइकाचे वारस, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गाडी जिंकणारे अशा मोजक्यांना त्यातून सूट आहे. शुल्क मात्र त्यांनाही पूर्ण पडते. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाची शुल्कमाफी वादात सापडली आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. टीआरवर आलेली गाडी दोन वर्षे विकता येत नाही.

जुन्या गाडीचे नियम कडक आहेत. वय तीन वर्षांच्या आत हवे, आणि ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. मॉडेल इयर किंवा पहिली नोंदणी धरून हिशेब केलेली गाडी बंदरात अडकते. स्टिअरिंग उजवीकडे, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य आणि स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनची गाडी उजव्या स्टिअरिंगची असली तरी तिथला काटा मैलांचा, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. जहाजावर चढण्यापूर्वी तपासणीचा दाखला घ्यावा लागतो, आणि उतरल्यावर पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातील बुदनीचे केंद्र यांपैकी एकीकडे चाचणी होते. तीन वर्षांच्या अटीमुळे नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्यांचे स्वप्न या वाटेने पुरे होत नाही.

शुल्क किमतीवर नव्हे, तर किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून होणाऱ्या सीआयएफ मूल्यावर लागते. ४०,००० डॉलरांवरच्या नव्या पेट्रोल गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क ७० टक्के व कृषी अधिभार ४० टक्के, म्हणजे ११० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मूल्य आणि हे शुल्क यांच्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी. मूल्य १ कोटी असेल तर शुल्क १.१० कोटी, जीएसटी ८४ लाख, एकूण २.९४ कोटी. आरटीओचा कर निराळा.

जुनी गाडी स्वस्तात पदरात पडली म्हणून शुल्क कमी होत नाही. अधिकारी निर्मितीवेळची यादीतली किंमत धरतात आणि दर तिमाहीला घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५ टक्के. दोन वर्षांच्या गाडीवर सूट २८ टक्केच. मूल्यावर वाद निघाला तर गाडी बंदरात पडून राहते आणि डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचा आकार, चढत जाते. म्हणून मूळ बिल, उत्पादनाच्या तारखेचा पुरावा व चॅसी क्रमांक आधीच जुळवून क्लिअरिंग एजंटाकडे दिलेले बरे.

कार्नेटवर, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणाऱ्या तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, ती शुल्काविना येते, पण सहा महिन्यांसाठी. ती इथे विकता येत नाही, आणि मुदतीत परत न गेल्यास हमी देणाऱ्या संस्थेकडून शुल्क वसूल होते.